जाळाजवळ थांबणारी संस्था



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे मी उष्मागतिकी शिकलो. संयोजकांनी मला विषय सुचवला तो असा : कायम नोकरीतली प्राध्यापकी सोडून स्वच्छ ज्वलनावर संशोधन करणारी कंपनी का काढावीशी वाटली? हा प्रश्न आजवर पुष्कळांनी विचारला. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा चहा संपायच्या आत हवे असते. आज तासभराचा वेळ आहे, म्हणून मुळापासून सांगतो.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. स्वच्छ ज्वाळा एकदा साधली की कायमची साधली, असे होत नाही. इंधन बदलते, हवामान बदलते, जाळ घालणारा हात बदलतो आणि धूर परत येतो. म्हणून जाळाजवळ वर्षानुवर्षे थांबणारी, मोजत राहणारी, दुरुस्त करत राहणारी संस्था लागते. आपल्याकडे विद्यापीठाची घडण तशी नाही आणि सरकारी योजनेचीही नाही. ही मधली जागा भरायची तर जी चौकट हाताशी होती, ती कंपनीची होती.

धूर म्हणजे काय, इथून सुरुवात करू. लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाळेत जळतो तो लाकडातून निघालेला वायू. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी जाते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि खडखडीत वाळलेले लाकूड किलोमागे १८ मेगाज्यूलच्या आसपास देते. म्हणजे ओले जळण घालणारा माणूस आपल्या जाळाचा एक हिस्सा पाणी आटवण्यात घालवतो आणि त्याचबरोबर भट्टी थंड करतो. पाणी गेले, तापमान २५०-३०० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकले, की लाकडाचे विघटन होते. त्याच्या कोरड्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग वायू आणि डांबरी वाफा होऊन बाहेर पडतो. मागे कोळसा राहतो. या वायूंना पूर्ण जळायला पुरेसे तापमान हवे, प्राणवायूशी नीट मिसळायला हवे आणि तेवढ्या तापमानात थोडा वेळ मिळायला हवा. तिन्हींपैकी एक जरी कमी पडले तरी कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि डांबर तसेच बाहेर जाते. धूर म्हणजे पैसे देऊन आणलेले आणि न वापरता फुप्फुसात सोडलेले इंधन.

यात एक अडचण आहे, आणि माझ्या क्षेत्रातले निम्मे काम तिच्याभोवती फिरते. पातेल्यात पाणी उकळत असते तेव्हा त्याचा तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. ज्वाळेच्या दृष्टीने तो थंडगार पृष्ठभाग आहे. पेटती ज्वाळा त्याला टेकली की विझते आणि तळाला काजळी धरते. म्हणजे स्वच्छ ज्वलनासाठी भांडे ज्वाळेपासून दूर हवे आणि उष्णता भांड्यात जाण्यासाठी ते जवळ हवे. जुन्या सुधारित चुलींपैकी काहींनी भांडे जवळ आणून जळण वाचवले, पण जाळलेल्या जळणाच्या किलोमागे धूर वाढवला. चूल तपासणाऱ्याने फक्त पाणी किती लाकडात उकळले एवढेच पाहिले, तर ही गोष्ट त्याला दिसणारही नाही.

आता थोडे इतिहासात जाऊ, कारण ज्वलनावर संशोधन करून पोट भरणारी कंपनी ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधला हॅरी रिकार्डो हा तरुण केंब्रिजला शिकत होता. तिथले प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी त्याला इंजिनाच्या आतल्या ज्वलनाचा नाद लावला. पदवीनंतर एक वर्ष त्याने हॉपकिन्सन यांच्याबरोबर संशोधन केले आणि मग विद्यापीठ सोडून तो आजोबांच्या सल्लागार अभियंत्यांच्या पेढीत गेला. हे आजोबा अलेक्झांडर रेंडेल, भारतातल्या सरकारी रेल्वेचे सल्लागार. १९१५ साली रिकार्डोने स्वतःची कंपनी काढली. लवकरच तिच्याकडे मोठे काम आले ते धुराचेच.

१९१६ च्या सप्टेंबरात सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. त्यांच्या इंजिनातून वंगणाचे तेल जळून इतका धूर निघे की शत्रूला जागा लगेच कळे. रणगाडा चढावर तिरका झाला की तेल नको तिथे साचे आणि पुन्हा सरळ झाला की धुराचा लोट उठे. रिकार्डोने १५० अश्वशक्तीचे नवे इंजिन काढले. त्यात दट्ट्याची रचनाच अशी केली की वंगणाचे तेल ज्वलनकक्षापर्यंत पोचू नये. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, शोरहॅम या किनाऱ्यावरच्या गावी त्याने कायमची प्रयोगशाळा उभारली. तिथे इंधनाच्या ठोक्यावर, म्हणजे इंजिनात वायू अवेळी भडकण्यावर, काम झाले. त्यात हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय हे विद्यापीठीय शास्त्रज्ञ सामील होते आणि खर्च एका तेल कंपनीने उचलला. १९३१ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून निघालेला ‘कॉमेट’ ज्वलनकक्ष लंडनच्या बसगाड्यांच्या डिझेल इंजिनांत बसला.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो. रिकार्डोने विद्यापीठ सोडले म्हणून तो ज्ञानापासून दूर गेला नाही. उलट विद्यापीठातली माणसे त्याच्या शेडमध्ये आली, कारण इंजिन दिवसरात्र चालवून पाहायची सोय तिथे होती. आणि तो इंजिने विकत नव्हता. मोजमाप, रेखाटने आणि सल्ला विकत होता. माझ्या कंपनीचे मूळ विचाराल तर ते शोरहॅममध्ये आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या वाटेने आधी गेलेली माणसे आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात पीएचडी करून तिथेच शिकवणारे अनिल राजवंशी १९८१ मध्ये परत आले आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत कायमचे राहिले. उसाचे पाचट आणि चिपाड ही भुसभुशीत, नीट न वाहणारी इंधने. त्यांच्यापासून वायू करून औद्योगिक भट्ट्या तापवण्याचे काम त्यांच्या गटाने नव्वदच्या दशकात केले. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये आरती ही संस्था उभी केली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या कामाला २००२ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. या दोन्ही संस्था कंपन्या नव्हेत. पण शेतातल्या इंधनाशी प्रयोगशाळेतल्या माणसाने वर्षानुवर्षे झुंजायचे, हा पायंडा त्यांनी घातला.

माझे स्वतःचे संशोधन डिझेलच्या फवाऱ्यातल्या काजळीवर होते. पोलादी बंद पेटी, तिला क्वार्ट्झची खिडकी, आत दाबाखालची गरम हवा आणि त्यात नॉर्मल हेप्टेनचा फवारा. खरे डिझेल शेकडो निरनिराळ्या रेणूंचे मिश्रण असते, म्हणून प्रयोगासाठी एकाच रेणूचे शुद्ध इंधन घेतात. तापमान वाढवले की काजळी जळून जाते पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. तापमान उतरवले की उलटे होते. ही ओढाताण समजून घ्यायला तसा शुद्ध प्रयोगच लागतो आणि तो विद्यापीठातच होऊ शकतो. मला विद्यापीठाबद्दल कृतज्ञता आहे, ती इथे स्पष्टपणे नोंदवतो. ज्वाळेकडे पाहण्याची नजर मला तिथेच मिळाली.

अडचण पुढे सुरू होते. कॉलेजात शिकवू लागल्यावर गावाकडच्या जळणावर काम करावे असे मनात आले. प्रकल्प मंजूरही झाला. पण संशोधन प्रकल्पाचे आयुष्य ठरलेले असते. मार्चअखेर येते, युटिलायझेशन सर्टिफिकेट जाते, उपकरणाला डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नंबर पडतो, विद्यार्थ्याला पदवी मिळते आणि तो नोकरीला पुण्या-बंगळूरला जातो. भट्टी पुढच्या पावसाळ्यानंतर कशी चालते, तिच्या विटांना तडे जातात का, हे पाहायला पैसा नसतो आणि माणूसही नसतो. पुढच्या प्रस्तावात मी टिकाऊपणाची चाचणी मागितली, तर यात नावीन्य नाही असा शेरा आला. शेरा मारणारा माणूस अप्रामाणिक नव्हता. शोधनिबंधाच्या मापाने पाहिले तर तो बरोबरच होता. भट्टी चौथ्या हंगामातही धूर न करता चालली, या वाक्याला प्राध्यापकांच्या बढतीसाठीच्या एपीआय गुणपद्धतीत गुण नव्हते.

वेळापत्रकाचीही गोष्ट आहे, आणि ती कुणी फारशी बोलत नाही. कोल्हापूरकडची गुऱ्हाळे पावसाळा सरल्यावर पेटतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. कॉलेजातली तासिका, प्रात्यक्षिके, परीक्षा आणि पेपर तपासणी याच महिन्यांत असते. सुटी लागते ती मे महिन्यात, तेव्हा चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, थंड पडलेले असते. ज्याला गुऱ्हाळावर काम करायचे आहे त्याला कॉलेजचे कॅलेंडर चालत नाही, इतके ते साधे आहे.

गुऱ्हाळाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण मला जे कळले ते बरेचसे तिथेच कळले.

चुलवाणावर काहील असते. तीत उसाचा रस उकळतो. भेंडीचे पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. खाली एक माणूस जमिनीच्या पातळीच्याही खाली बसून वाळलेले चिपाड जाळात लोटत असतो. तासन् तास. आम्ही धुराड्यात नळी घालून वायू मोजायला बसलो तेव्हा यंत्राच्या पडद्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. चिपाडाची मोठी कवळ आत गेली की प्राणवायूचा आकडा एकदम खाली येई आणि कार्बन मोनॉक्साइडचा वर चढे. बाहेर धुराड्याच्या तोंडाला काळा लोट दिसे. हळूहळू दोन्ही आकडे जागेवर येत आणि मग पुढची कवळ पडे. एवढ्या वायूला एकदम लागणारी हवा भट्टीत नसते, म्हणून हे होते. मग पाळी बदलली. आता जो बसला तो वयस्क होता. तो थोडे थोडे चिपाड हलक्या हाताने पसरून टाकत होता आणि डोळे जाळाच्या रंगावर होते. पडद्यावरची रेषा जवळजवळ सपाट झाली. भट्टी तीच होती, चिपाड त्याच ढिगातले होते. फरक फक्त माणसाचा होता.

या माणसाला प्रशिक्षण द्यावे असे कुणी म्हणेल. मला वाटते, त्याचे कसब भट्टीत उतरवावे. चिपाड थोडे थोडे सरकत जाईल अशी उतरण, खालून येणाऱ्या हवेशिवाय ज्वाळेच्या वरच्या भागात शिरणारी गरम केलेली दुसरी हवा, आणि तिला झडप. हे रेखाटन घेऊन आम्ही गुळव्याकडे गेलो. गुऱ्हाळावर गुळव्याचा शब्द शेवटचा. रस ११६ ते ११८ अंशांवर आला की गूळ तयार होतो, तो हे थर्मामीटरशिवाय ओळखतो. पाक थंड पाण्यात टाकून गोळी कशी होते ते बोटाने पाहतो. त्याने रेखाटन पाहिले आणि म्हणाला, “जाळ कुणीबी घालंल सायेब, पर ऐनवेळी ओढता आला पायजे.”

या एका वाक्यात आमच्या रचनेवरचा सगळ्यात कडक निकष आला. पाठ्यपुस्तक सांगते की भट्टीच्या भिंती जाड करा, उष्णता बाहेर जाऊ देऊ नका. पण जाड अग्निविटांची भिंत एकदा तापली की जाळ बंद केल्यावरही काहिलीला उष्णता देत राहते. आणि शेवटच्या त्या दोन-चार मिनिटांत गूळ करपतो, काळवंडतो, बाजारात भाव पडतो. चिपाडाचा जाळ भर्रकन विझतो, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या तो गुळाला चालत आला. म्हणून आतल्या अस्तराला हलकी, सच्छिद्र इन्सुलेशनची वीट घेतली. ती उष्णता अडवते पण स्वतःत फारशी साठवत नाही. ही गोष्ट शोधनिबंधांच्या शोधयंत्रात शोधून सापडणारी नव्हती. ती मिळायला आधण, म्हणजे काहिलीतला एक घाणा, उतरेपर्यंत, वाफ्यात गूळ ओतेपर्यंत गुळव्याशेजारी उभे राहावे लागते. आणि पुढच्या हंगामात परत यावे लागते.

आता घरच्या चुलीकडे वळतो. श्रोत्यांपैकी ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांना निर्धूर चूल आठवत असेल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले, आणि घरातल्या धुराकडे जगाचे लक्ष गेले. त्याच सुमारास सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. आकडा मोठा आहे. त्यांपैकी किती पेटत राहिल्या, हा प्रश्न योजनेच्या कागदांत जवळपास नव्हताच. कारण योजना बसवलेल्या चुली मोजत होती.

पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. प्रयोगशाळेत चांगली ठरलेली चूल. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर तो परिणाम नाहीसा झाला. धुराडी साफ झाली नाहीत, चुली फुटल्या, फुटलेल्या दुरुस्त झाल्या नाहीत, वापर सुटत गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध मी माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक तरुणाला पहिल्या आठवड्यात वाचायला देतो. काहीजण तो वाचून म्हणतात की मग चुलींवर काम करण्यात अर्थ नाही. मला त्यातून नेमके उलटे दिसते. पहिल्या वर्षी जे साधले ते दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी राखायला कुणी नव्हते. राखण्याचे काम कुणाच्याच नावावर नव्हते.

आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारायला हवे. आपल्याकडची भाकरी तव्यावर एका अंगाने भाजते आणि मग चुलीच्या तोंडाशी इंगळांसमोर उभी करून फुगवतात. शेजारच्या वैलावर तोवर आमटी शिजते. अरुंद तोंडाची, एक भांडे घेणारी, प्रयोगशाळेत उत्तम गुण मिळवणारी चूल या बाईच्या हातात दिली तर भाकरी शेकायला तिला जुनी चूल पेटवावीच लागते. मग दोन चुली पेटतात. तिच्यावर अडाणीपणाचा आरोप करणाऱ्यांनी एकदा तरी बसून भाकरी करून पाहावी.

इथे हमखास एक शंका येते, आणि ती रास्त आहे. घरोघरी गॅस आला, आता कशाला चुली? २०१६ च्या १ मेला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटीवी जोडणी आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. माझे मत स्पष्ट आहे. ज्या घराला सिलिंडर पुन्हा भरणे परवडते त्या घराने लाकडाकडे वळूच नये. माझी सर्वोत्तम चूलही गॅसच्या शेगडीइतकी स्वच्छ नाही, आणि विजेची शेगडी घरात काहीच जाळत नाही. पण गॅस असलेल्या घराच्या मागे जरा जाऊन पाहा. न्हाणीघराबाहेर बंब किंवा तीन दगडांवर हंडा असतो. पहाटे त्याखाली काटक्या, नारळाच्या झावळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, हाताला येईल ते जळते. आंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर संपवायला कुणी तयार नसते. हा धूर कुठल्याच योजनेच्या खात्यात नाही. घरातल्या हवेची मोजणी सकाळी केली तर तो घरात शिरलेला दिसतो. बंबाची रचना करणे चुलीपेक्षा सोपे आहे, कारण त्यात भाकरी नाही, फक्त पाणी आहे. तरी त्यावर काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मुंबईच्या बेकऱ्यांचे उदाहरण तर ताजे आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असे सांगितले. निर्णय योग्यच होता. या भट्ट्यांत पुष्कळदा जुन्या फर्निचरचे लाकूड जळते. त्यावर रंग असतो, प्लायमध्ये चिकटद्रव्य असते आणि जळताना त्यातून काय निघते हे कुणाच्या फुप्फुसाला सांगायला नको. पण पावाची भट्टी म्हणजे विटांचा एक मोठा साठा आहे. लाकूड जाळून ती आधी तापवतात आणि मग उतरत्या उष्णतेत पाव भाजतात. तिथे गॅसचा बर्नर कसा आणि कुठे बसवायचा, विटांना उष्णता तशीच कशी द्यायची, हे प्रत्येक भट्टीगणिक मोजून ठरवावे लागते. सहा महिन्यांची मुदत हातात पडलेल्या बेकरीवाल्याने हे विचारायला जायचे कुठे? मोठ्या बर्नर कंपन्यांना एवढेसे काम नको असते. विद्यापीठात सेमिस्टर चालू असते.

अशा लोकांसाठी आम्ही एमआयडीसीतल्या एका गाळ्यात बसतो. आमची मिळकत कुठून येते हेही सांगायला हवे, कारण तरुण मंडळी तेच पहिले विचारतात. फाउंड्री आणि बॉयलरवाले मोजमापाचे पैसे देतात. त्यांना इंधनाची बचत थेट हिशेबात दिसते. गुऱ्हाळवाला थोडे देतो, हंगाम चांगला गेला तर. घरच्या चुलीचे आणि बंबाचे काम त्यातूनच चालते. सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून नमुना बनवायला दहा लाखांपर्यंत मदत मिळते. ती उपयोगी आहे. तिच्यात नमुना होतो, पण तोच नमुना चार हंगाम राबवून पाहण्याचा खर्च तिच्यात बसत नाही. तो खर्च गिऱ्हाइकाच्या पैशातूनच निघतो.

बाजाराने सगळे प्रश्न सुटतात असे मी मानत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. मुकुंदा यांच्या गटाने शेतातल्या कचऱ्याच्या गोळ्यांवर चालणारी, पंख्याची सुरेख चूल तयार केली. ‘ऊर्जा’ या नावाने ती बाजारात आली, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने ती चालवली. चार लाखांहून अधिक चुली विकल्या गेल्या. ज्वलनाच्या दृष्टीने तिच्यात खोट काढणे अवघड होते. पण शेतातल्या कचऱ्याला कारखान्यांतून मागणी आली, कच्चा माल महागला, गोळ्यांचा भाव चढला आणि घरांनी ती चूल बाजूला ठेवली. कंपनीला हॉटेलांसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळावे लागले. ज्वाळा स्वच्छ असली तरी तिच्यामागचे इंधन कोण, कितीला देणार, हेही रचनेतच धरावे लागते.

कंपनीत एक धोका आहे, त्याबद्दल मी फार गंभीर आहे. जो भट्टी विकतो त्यानेच ती चांगली असल्याचा दाखला द्यायचा, हे बरे नाही. चुलींसाठी भारतीय मानक आहे, आयएस १३१५२. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत पंखा नसलेल्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि धूलिकणांच्या मर्यादा घातल्या आहेत. आमच्या रचनेची अंतिम चाचणी आम्ही आमच्या गाळ्यात करत नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेला देतो. आणि आकडे खराब आले तरी गिऱ्हाइकाला दाखवतो. विद्यापीठाकडून घेतलेली ही शिस्त सुटली, तर आमच्यात आणि धुराडे विकणाऱ्या दुकानात फरक राहणार नाही.

गेले काय, तेही खरे सांगतो. ग्रंथालय गेले, महागडी नियतकालिके गेली, निवृत्तिवेतन गेले. सगळ्यात जास्त जाणवते ते वर्गातले प्रश्न गेल्याचे. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जो भाबडा प्रश्न विचारतो तो गिऱ्हाईक कधी विचारत नाही. म्हणून वाटते की माणसांना विद्यापीठ आणि गाळा यांच्यात ये-जा करता आली पाहिजे. आज ती वाट एकेरी आहे. बाहेर पडणाऱ्याची सेवाज्येष्ठता जाते, परत येणाऱ्याची मधली वर्षे कुठेच धरली जात नाहीत.

सभागृहात अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संचालक आणि विश्वस्त बसलेले मला दिसत आहेत. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडचा एखादा शिक्षक भट्टी, बंब, बेकरी किंवा बॉयलर यांवर तीन वर्षे बाहेर राहून काम करतो म्हणाला, तर त्याला लीयन द्या, त्याची जागा राखून ठेवा आणि परत आल्यावर ती तीन वर्षे सेवेत धरा. गुऱ्हाळमालकांना आणि बेकरीवाल्यांना विनंती अशी की भट्टी बांधण्याआधी एकदा मोजून घ्या, आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून घ्या. आणि ज्या तरुणाला हे काम करायचे आहे त्याने नोकरीचा राजीनामा देण्याआधी एक पूर्ण हंगाम, पहिले आधण ते शेवटचे आधण, एखाद्या चुलवाणापाशी काढावा. आमच्या गाळ्यात त्याच्यासाठी जागा आहे. या वर्षीचे अर्ज आम्ही गणेशोत्सवापर्यंत घेणार आहोत.